हिरवी खूण बघून निर्धास्त झालात? अँटी-स्पायवेअर वापरताना या चुका टाळा

"जरा माझा लॅपटॉप बघतोस का?" या एका वाक्यापायी माझे कितीतरी रविवार गेलेत. लॅपटॉप उघडावा तर कोपऱ्यात अँटी-स्पायवेअरची, म्हणजे चोरून पाळत ठेवणारे प्रोग्रॅम पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची, हिरवी खूण. मालक त्यावरच बोट ठेवतो, "प्रोटेक्शन तर आहे की!" प्रोग्रॅम सुरू आहे, एवढंच ती खूण सांगते. तो कशावर नजर ठेवतोय आणि कशाकडे बघू नकोस असं त्याला बजावलंय, हे सेटिंग्जच्या आतल्या पानांवर असतं. तिकडे कोणी फिरकत नाही.

एक्सक्लूजन: आपल्याच हाताने पाडलेलं भगदाड

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर. एक्सक्लूजन म्हणजे 'ही फाइल, हा फोल्डर तपासू नकोस' अशी सूट. दिवसभर हजारो फाइली तयार करणाऱ्या प्रोग्रॅमरला ती कधीमधी लागते. बाकीच्यांना सहसा लागत नाही.

एका मित्राच्या ईमेलमध्ये कोणीतरी शिरत होतं. त्याने दोन आठवड्यांत तीनदा पासवर्ड बदलला. दर वेळी चार दिवस शांतता, की पुन्हा अनोळखी लॉगिन. "फुल स्कॅन केला, शून्य धोके," असं तो छातीठोकपणे सांगत होता. मी तासभर स्टार्टअपची (विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी चाळली, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बघितली. काही नाही. मग तो सहज म्हणाला, "स्कॅन तर चार मिनिटांत होतो रे." तिथे माझी ट्यूब पेटली. भरलेल्या ड्राइव्हचा फुल स्कॅन चार मिनिटांत कसा संपेल? एक्सक्लूजनची यादी उघडली. आत एकच नोंद होती: सी ड्राइव्ह. अख्खा.

मग आठवलं साहेबांना. काही महिन्यांपूर्वी एका महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायची चोरटी फाइल, उतरवला होता. सोबतच्या सूचनांत पहिलीच पायरी होती, 'प्रोटेक्शन बंद करा, ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये टाका, नाहीतर खोटा इशारा येईल.' चोराने सांगितलं दार उघडं ठेवा, आणि यांनी ठेवलं. तेवढ्यावर न थांबता नवे पासवर्डही त्याच लॅपटॉपवर टाइप केले. म्हणजे कुलूप बदललं की नवी किल्ली लगेच चोराच्या हातात.

नोंद काढली आणि पुन्हा स्कॅन लावला. या वेळी दीड तास लागला आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम सापडला. असे प्रोग्रॅम नुसते पासवर्ड नेत नाहीत, ब्राउझरमधल्या लॉगिन टिकवणाऱ्या कुकीही (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) उचलतात. त्या हातात असल्या की बऱ्याच ठिकाणी ना पासवर्ड लागत ना ओटीपी. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी सगळीकडून लॉगआउट, मग नवा पासवर्ड, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. लॅपटॉप मी सरळ फॉरमॅट केला. 'साफ केलं की झालं' म्हणणारे आहेत, पण पासवर्ड चोरणारं काही सापडलं की मी त्या मशीनवर विश्वास टाकत नाही.

आणखी एक. एकदा का अ‍ॅडमिनचे अधिकार मिळाले की मालवेअर (घातक प्रोग्रॅम) स्वतःच स्वतःला या यादीत घालून घेऊ शकतं. म्हणून 'मी तर काही टाकलं नाही' म्हणणाऱ्यांनीही यादी बघावी. मी महिन्यातून एकदा बघतो. विंडोजमध्ये २०१९ पासून टॅम्पर प्रोटेक्शन आहे, ते चालू ठेवा. बाहेरच्या प्रोग्रॅमला परस्पर रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे सतत चालू असलेला पहारा, बंद करता येऊ नये म्हणून ते असतं. पण तुम्ही स्वतःच बंद केलंत, तर ते काय करणार?

एका दारावर दोन पहारेकरी

ही सवय जुन्या काळातली. २००० च्या आसपास अ‍ॅड-अवेअर आणि स्पायबॉट ही दोन्ही अँटी-स्पायवेअर ठेवायची पद्धत होती आणि त्यात गैर काही नव्हतं, कारण मुख्यतः आपण सांगू तेव्हाच ते स्कॅन करायचे. आता प्रत्येक जण रिअल-टाइम प्रोटेक्शन घेऊन येतो, म्हणजे फाइल उघडण्याआधीच तिला अडवून तपासतो. असे दोघे एकत्र आले की प्रत्येक फाइलची दोनदा झडती होते, मशीन रखडतं, आणि एकाने पकडलेल्या फाइलवर दुसरा ओरडतो. विंडोजचा डिफेंडर दुसरं अँटीव्हायरस आलं की सहसा बाजूला होतो, पण बाहेरून आणलेले दोन एकमेकांना तसा मान देतीलच असं नाही.

आणि वेगळं 'अँटी-स्पायवेअर' हवंच कशाला, हाही प्रश्न आहे. डिफेंडर मुळात तेच होतं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची कंपनी घेतली, तिचं अँटी-स्पायवेअर २००६ मध्ये विंडोज डिफेंडर म्हणून आलं, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून त्यात अँटीव्हायरसही आलं. मी एकच कायमचा पहारेकरी ठेवतो. दुसरा फक्त हाक मारली की येणारा, रिअल-टाइम नसलेला स्कॅनर.

साफ केलं आणि इंटरनेट गेलं

काही अ‍ॅडवेअर (जाहिराती घुसवणारा प्रोग्रॅम) ब्राउझरची सगळी ये-जा स्वतःच्या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या नाक्यातून, वळवतं. अँटी-स्पायवेअर तो प्रोग्रॅम उडवतं, पण प्रॉक्सीची सेटिंग कधी कधी तशीच राहते. मग ब्राउझर आता अस्तित्वातच नसलेल्या दारावर ठोठावत बसतो. लोकांचा निष्कर्ष तयार: 'या सॉफ्टवेअरनेच नेट बिघडवलं.' एकाने तर क्वारंटाइनमधून (पकडलेल्या फाइलींच्या कोठडीतून) ती घाण परत आणली, नेट सुरू झालं आणि स्वारी खूश! नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचं पान उघडा, मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा. अर्ध्या मिनिटाचं काम. (ऑफिसच्या मशीनवर मात्र आधी विचारा, तिथे प्रॉक्सी मुद्दाम ठेवलेली असू शकते.)

बाकीच्या चुका थोडक्यात.

'२१४ धोके सापडले' वाचून घाबरू नका, यादी उघडा. बऱ्याचदा त्यात ट्रॅकिंग कुकीच, म्हणजे जाहिरातींसाठी माग ठेवणाऱ्या कुकीच, असतात. आकडा फुगवून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमवर माझा अजिबात भरवसा नाही.

डेफिनिशन (प्रोग्रॅमकडची धोक्यांची ओळख-यादी) शेवटच्या कधी अपडेट झाल्या ती तारीख बघा. मुदत संपलेला प्रोग्रॅम शोभेला ठेवू नका.

सापडलेली फाइल लगेच डिलीट करू नका, क्वारंटाइनमध्ये राहू द्या. तिथून ती चालू शकत नाही आणि इशारा चुकीचा निघाला तर परत आणता येते. मी महिनाभर ठेवतो.

नको असलेले अ‍ॅप अडवणारा पर्याय बंद असेल तर चालू करा. फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत गुपचूप घुसणारी मंडळी तिथेच अडतात. इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत धावणाऱ्यांना तर तो हवाच.

स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' असे संदेश येतात आणि स्कॅनमध्ये काही सापडत नाही? ब्राउझरच्या नोटिफिकेशनच्या परवानग्या बघा. कुठल्याशा साइटवर तुम्हीच 'अलाऊ' दाबलेलं असतं.

प्रत्येक रीस्टार्टनंतर तीच गोष्ट परत येत असेल तर ऑफलाइन स्कॅन वापरा. विंडोज सुरू होण्याआधीच तो चालतो, साधारण १५ मिनिटं घेतो. जोडीला टास्क शेड्युलरही, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची विंडोजमधली यादीही, बघा.

आयफोनवर 'स्पायवेअर स्कॅनर' घेऊन उपयोग नाही. तिथे एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या आत डोकावताच येत नाही. पेगाससच्या (फोनवर पाळत ठेवणाऱ्या कुप्रसिद्ध स्पायवेअरच्या) तोडीचा धोका असणाऱ्यांसाठी २०२२ पासून लॉकडाउन मोड आहे. अँड्रॉइडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी (स्क्रीनवरचं वाचू देणारी) कोणाकोणाला दिलीय ते तपासा. पण घरातलंच कोणी फोनवर पाळत ठेवत असल्याचा संशय असेल तर घाईने अ‍ॅप काढू नका. काढल्याचं त्या माणसाला लगेच कळू शकतं. आधी स्वतःच्या सुरक्षेची सोय बघा, विश्वासातल्या कोणाला तरी दुसऱ्या फोनवरून सांगा.

आणि आपला पहारेकरी जागा आहे का, हे कोणी तपासतच नाही. त्यासाठी आयकार नावाची चाचणी फाइल आहे. ६८ अक्षरांचा मजकूर, पूर्ण निरुपद्रवी, पण तो दिसला की ओरडायचं असं अँटीव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवलेलं आहे. आयकारच्याच साइटवरून ती घ्या आणि डाउनलोड्समध्ये उतरवा. उतरता उतरताच अडवली गेली तर ठीक. निवांत पडून राहिली तर आधी रिअल-टाइम प्रोटेक्शन बघा, मग एक्सक्लूजनची यादी. त्या मित्राच्या लॅपटॉपवर मी हे पहिल्या मिनिटाला केलं असतं तर अख्खी दुपार वाचली असती. आता कोणी लॅपटॉप समोर ठेवला की मी हिरव्या खुणेकडे बघतही नाही, आधी ही फाइल उतरवतो.