मंडळाची वेबसाइट सोपी केली, ती अशी

आमच्या जळगावच्या विद्यार्थी मंडळाची वेबसाइट मुलं मोबाइलवरच उघडतात. त्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंजची बोंब, आणि पहिल्याच पानावर फिरते फोटो न्‌ सरकत्या ओळी!

काही बदलण्याआधी मुलांच्या शेजारी बसून पाहिलं. शहाद्याची एक मुलगी मेनूकडे बघतच नव्हती, थेट शोधाच्या चौकटीत 'होस्टेल' लिहायची. "दादा, काहीच येत नाही." येणार कसं? जुन्या सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, नव्हत्या; जुन्या धाटणीच्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. तसल्या फॉन्टमधली अक्षरं डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच. सगळ्या सूचना कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या, जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासली. खरं काम हेच होतं.

बाकी भराभर झालं. फिरते फोटो काढून टाकले, उरलेले वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात केले. मेनूत चारच गोष्टी: प्रवेश, शिष्यवृत्ती, होस्टेल, जुने पेपर. महाडीबीटीची, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलची, लिंक सगळ्यात वर. बटणं ४८ पिक्सेल उंच. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकत नाहीत.

आता 'होस्टेल' लिहा नाहीतर 'वसतिगृह', तीच सूचना येते; दोन्ही शब्द मुद्दाम जोडलेत.