मलावीतून निघताय? व्हॉलंटियर डॉक्टरांनो, या चुका टाळा

आफ्रिकेत, दक्षिण मलावीतल्या एका जिल्हा हॉस्पिटलात व्हॉलंटियर म्हणून काम करताना बरेच परदेशी डॉक्टर येताना पाहिले आणि जाताना पण पाहिले. येताना सगळे एकदम तय्यार, लसी झाल्या, रजिस्ट्रेशन झालं, मलेरियाच्या गोळ्या बॅगेत. जायची तयारी म्हणजे मात्र ग्रुप फोटो आणि केक. आता आपल्याकडचे डॉक्टरही तिकडे कामाला जायला लागलेत म्हणून लिहितोय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे घरून आणलेली औषधं पेशंटला चालू करायची आणि टाटा करून निघायचं. माझ्या आधीच्या एका डॉक्टरने फिट्स येणाऱ्या एका पोराला स्वतःच्या बॅगेतलं लेव्हेटिरासेटामचं सिरप सुरू केलं होतं. औषध चांगलंच आहे, वादच नाही, पण आमच्या फार्मसीत ते नव्हतं आणि आसपास कुठे विकत मिळायचं नाही. डॉक्टर गेला, बाटली संपली, आणि एका सकाळी आई पोराला पाठीवर चितेंजेत (तिकडच्या बायका गुंडाळतात ते रंगीत कापड) बांधून आली तेव्हा त्याला झटके चालूच होते. डायझेपाम देऊन थांबवले. मग आईने कमरेच्या गाठीतून रिकामी बाटली काढली, धुऊन स्वच्छ केलेली, म्हणजे भरून द्या. लेबल परदेशी भाषेत! तिकडे प्रत्येक पेशंटकडे स्वतःचा हेल्थ पासपोर्ट असतो, छोटी वही, तीच त्याची केस फाइल. ती उघडली तर 'औषध बदललं' एवढंच, कुठलं, किती, का, काही नाही. सगळी माहिती त्या डॉक्टरच्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप विमानात बसून घरी गेलेला. पोराला शेवटी फिनोबार्बिटोन चालू केलं. जुनं, स्वस्त, सुस्ती आणणारं, पण तिथे मिळणारं.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. जे हॉस्पिटलच्या कपाटात नाही ते मी सुरूच करत नाही, आणि शेवटच्या दोनेक महिन्यांत तर अजिबातच नाही. लांबलचक उपचारांचे पेशंट, म्हणजे फिट्सचे, शुगरचे, टीबीचे (सहा महिन्यांचा कोर्स तुमच्या तिकिटाची तारीख बघून संपत नाही), त्यांना एकेक करून पुढे बघणाऱ्या माणसासमोर बसवायचं, वहीत औषधाचं नाव आणि डोस ठळक अक्षरात लिहायचा आणि निघण्यापूर्वी एक व्हिजिट त्या माणसाला एकट्याला करू द्यायची. कंटाळवाणं काम आहे. नव्या मंडळींना इंटरेस्टिंग केस हव्या असतात, वह्या लिहायला कोण बसणार!

तो पुढे बघणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा क्लिनिकल ऑफिसर, डॉक्टरची डिग्री नसलेला पण पेशंट तपासून उपचार करणारा तिथला प्रशिक्षित माणूस. तो एमबीबीएस नसतो म्हणून त्याला कंपाउंडर समजणारे महाभाग मी बघितलेत. तिथल्या जिल्हा हॉस्पिटलांत बहुतेक सिझेरियन हेच लोक करतात राव. हँडओव्हर त्याला द्या, फक्त मेडिकल सुपरिटेंडेंटला ईमेल टाकून मोकळे होऊ नका.

'मी पुढच्या वर्षी परत येतो' म्हणू नका. तुम्ही हवेत बोलता, पण हर्नियावाले आजोबा ऑपरेशन पुढे ढकलून तुमची वाट बघत बसतात.

सगळ्या पेशंटना व्हॉट्सअ‍ॅप नंबर वाटू नका. पुण्यात बसून पोटदुखी तपासता येत नाही.

उरलेली औषधं आणि मशिनी 'दान' करताना जरा लाज बाळगा. बाहेरून दान केलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर किमान वर्षभर उरलेली असावी असं डब्ल्यूएचओच्या गाइडलाइनमध्ये आहे, तुमच्या अर्ध्या स्ट्रिप त्यात कुठेच बसत नाहीत. एकाने अमेरिकेतून ११० व्होल्टचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणला, तिथे करंट २३० व्होल्ट, लावल्या लावल्या धूर. आता तो वॉर्डाच्या कोपऱ्यात आहे, वर गॉजचे डबे ठेवतात.

निरोप समारंभाचं म्हणाल तर होऊ द्या, टाळू नका, 'मला आवडत नाही हो असलं' म्हणून गुपचूप पळणारे तर अजूनच उद्धट दिसतात. सुरुवातीला प्रार्थना होते, मग मॅट्रन बोलणार, साहेब बोलणार, ड्रायव्हरही बोलणार, घड्याळ बघू नका. भेट दोन्ही हातांनी घ्या. चितेंजे दिलं तर तिथेच खांद्यावर टाका. फक्त एक बघा, चिकन, न्सिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि फँटाचा खर्च नर्स लोक वर्गणी काढून करतात आणि पगार कधी वेळेवर कधी नाही, तर आदल्या आठवड्यातच मॅट्रनला बाजूला घेऊन पैसे द्या. सगळ्यांसमोर पाकीट काढलंत तर त्यांचा पाहुणचार तुम्ही विकत घेतला असं होतं. आणि भाषणात नावं घ्यायची असतील तर सफाईवाल्यापासून सुरू करा, कागदावर लिहून न्या, एखादं राहिलं की ते तिथे बरेच दिवस लक्षात ठेवतात.