सुरुवातीच्या अमेरिकेची आत्मकथने वाचताना

मजकूर वाचण्याआधी तीन तारखा टिपून घ्या: घटना कधीची, लिहिली कधी, छापली कधी. व्हर्जिनियातल्या इंग्रज वसाहतीतला जॉन स्मिथ १६०७ च्या डिसेंबरात तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख पोव्हाटन याच्या कैदेत होता. १६०८ मध्ये छापलेल्या त्याच्या वृत्तांतात पोव्हाटनची मुलगी पोकाहॉन्टस हिने आपला जीव वाचवल्याचा उल्लेखच नाही. तो प्रसंग सविस्तर येतो १६२४ च्या पुस्तकात. तोवर ती लंडनमध्ये गाजून १६१७ मध्ये वारलीही होती. पण एवढ्यावरून त्याला खोटा ठरवायची घाई नको. १६०८ चा मजकूर त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याच कोणी छपाईसाठी तयार केला होता. प्रसंग ‘स्मिथच्या म्हणण्यानुसार’ असाच मांडावा.

तारखांमध्ये एक खाचखळगा आहे. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला लागे. मॅसॅच्युसेट्समधली मेरी रोलँडसन मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात आपण १० फेब्रुवारी १६७५ ला पकडले गेल्याचे लिहिते. आपल्या हिशेबाने ते साल १६७६. टिपणात १६७५/७६ असे लिहा, नाहीतर पुढचा सगळा क्रम बिघडतो.

मग समासात तीन खुणा करा: स्वतः पाहिलेले, ऐकीव आणि लावलेला अर्थ. रोलँडसनच्या १६८२ च्या पुस्तकात हे तिन्ही सरमिसळ आहे. बायबलची वचने आणि ईश्वरी कृपेचे दाखले तिसऱ्या खुणेत जातात. प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, वाचकांसाठी ते लागतच होते. त्यांच्या मध्ये मात्र घोड्याचे पाय उकळून खाणे, शिलिंगासाठी सदरा शिवणे, २० पौंडांची खंडणी असे तपशील येतात. खरा ऐवज इथे आहे: पकडणाऱ्यांच्याच तळावर अन्नाची किती टंचाई होती, हे ती सांगायला बसलेली नसतानाही कळते.

आता बाहेरचा कागद शोधा. गुलामगिरीतून सुटलेल्या ओलाउदा इक्वियानोने १७८९ मध्ये आपला जन्म आफ्रिकेतला असल्याचे लिहिले. १७५९ ची बाप्तिस्म्याची नोंद आणि १७७३ चा जहाजाचा हजेरीपट जन्मस्थान अमेरिकेतले कॅरोलिना सांगतात. वाद मिटलेला नाही, म्हणून दोन्ही द्या.

अमेरिकेच्या क्रांतियुद्धातल्या (ब्रिटनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या) सैनिकांचे १८३२ च्या कायद्याखालचे निवृत्तिवेतनाचे अर्ज आपल्याला निरक्षरांपर्यंत पोहोचवतात, पण किती महिने नोकरी केली हे सिद्ध केल्याशिवाय पैसे मिळत नसत. म्हणून त्यात अधिकाऱ्यांची नावे आणि मुदती ठासून भरलेल्या असतात, भीती किंवा घरची आठवण क्वचितच. शिवाय लेखणी बहुधा दुसऱ्याची असे. तेव्हा शब्दशैलीवरून सैनिकाच्या स्वभावाचा अंदाज बांधू नका.