सोसायटीच्या टाकीचे घनफळ कसे काढावे

शालेय गणितात जिला इष्टिकाचिती म्हणतात, ती म्हणजे विटेच्या घडणीची पेटी. इष्टिका म्हणजेच वीट. तिचे घनफळ म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार. हे सूत्र बहुतेकांना पाठ असते आणि तरीही उत्तर चुकते, कारण चूक गुणाकारात नसून मापे घेण्यात होते. म्हणून पुण्यातील आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचेच उदाहरण घेतो.

टाकी धुण्यासाठी रिकामी केली जाते, तेव्हा मापे घेणे सर्वांत सोयीचे. मात्र बंद टाकीत हवा कोंडलेली असते, त्यामुळे एकट्याने आत उतरू नये. मापे नेहमी आतून घ्यावीत. आम्ही प्रथम नकाशावरून ३.९० मीटर लांबी आणि २.७० मीटर रुंदी धरली होती, पण ती बाहेरची मापे निघाली. भिंती १५ सेंटीमीटर जाडीच्या असल्यामुळे आतली लांबी ३.६० मीटर आणि रुंदी २.४० मीटर भरली. तळ खरोखर आयताकृती आहे का, हे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरे मोजून पाहावे. आमच्याकडे दोन्ही ४.३३ मीटर आली, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत.

उंचीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तळापासून स्लॅबपर्यंत २.१० मीटर असले तरी ओव्हरफ्लोचा पाइप १.८५ मीटरवर असल्यामुळे पाणी त्याच्या वर चढत नाही. तळाला उतार असेल, तर चारही कोपऱ्यांत खोली मोजून सरासरी काढावी.

आता ३.६० × २.४० = ८.६४ चौरस मीटर हे तळाचे क्षेत्रफळ, आणि ८.६४ × १.८५ = १५.९८४ घनमीटर हे घनफळ. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, म्हणून टाकीत १५,९८४ लिटर पाणी मावते. नकाशातल्या मापांनी हाच आकडा १९,४८० लिटर आला होता. म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार लिटर पाणी आम्ही केवळ कागदावर साठवत होतो. आत खांब असेल, तर तोही एक इष्टिकाचितीच असल्याने त्याचे पाण्यात बुडणारे घनफळ वजा करावे.

तिन्ही मापे एकाच एककात असावीत, हे वेगळे सांगायला नको. पण फूट-इंचात मोजणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ११ फूट १० इंच म्हणजे ११.१० फूट नव्हे, तर १० भागिले १२ करून ११.८३ फूट. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. वाळूचा व्यवहार ब्रासमध्ये होतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून १० फूट लांब, ५ फूट रुंद हौद्यात २ फूट उंचीपर्यंत सपाट भरलेली वाळू बरोबर एक ब्रास होते. धरणसाठ्याच्या बातम्यांमधला एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी हजार फूट असलेली पेटी.

माझ्या मते या साऱ्या हिशेबातला सर्वांत उपयोगी आकडा एकूण घनफळाचा नसून एका सेंटीमीटरचा आहे. ८.६४ चौरस मीटर तळावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ८६.४ लिटर. हा आकडा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवला आणि सेंटीमीटरच्या खुणा केलेली काठी जवळ ठेवली, की केव्हाही पाणी मोजता येते. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप, तळापासून २० सेंटीमीटर वर असल्यामुळे त्याखालचे १,७२८ लिटर उपशात येत नाहीत. वापराचे पाणी मोजताना तेवढे सोडून द्यावे.

टँकरचे पाणीही याच काठीने तपासता येते. १०,००० लिटर ओतल्यावर पातळी साधारण ११६ सेंटीमीटर चढायला हवी. पहिल्याच वेळी आमच्याकडे ती ९८ सेंटीमीटर चढली, म्हणजे पाणी ८,४६७ लिटरच भरले, आणि मी टँकरवाल्याशी हुज्जत घालायला निघालो. तेवढ्यात वॉचमनने पंपाच्या खोलीकडे बोट दाखवले. टँकर रिकामा होत असताना पंप चालूच होता आणि उरलेले पाणी गच्चीवरच्या टाकीत जाऊन पोचले होते.