इंग्लंडमध्ये राहताय आणि वॉर्ड बदललाय? मत द्यायच्या आधी एवढं बघून घ्या

परवा रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो इंग्लंडमध्ये असतो, नोकरीला लागून दोन वर्षं झाली. कॅमेऱ्यासमोर मेमधल्या काऊन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, निवडणुकीचं कार्ड धरून म्हणतो, "आत्या, माझं पोल कार्ड आलंय पण ह्याच्यावर वॉर्डचं नाव वेगळंच आहे गं, मागच्या वेळी हे नव्हतं, चुकून दुसऱ्याचं आलं का?" म्हटलं अरे आधी नाव बघ, पत्ता बघ, तुझाच आहे ना? मग कार्ड तुझंच. तू घर बदललं नाहीस पण वॉर्डाची हद्द बदलली, एवढंच झालंय.

पुण्यातल्या माणसाला हे समजवायला खरं तर वेळ लागू नये. २००७ ला आपल्याकडे एक वॉर्ड एक नगरसेवक होता, २०१२ ला दोनचा प्रभाग आला, २०१७ ला चारचा, मग तीनचा करायचं ठरलं आणि ५८ प्रभाग, १७३ नगरसेवक असं सगळं काढूनही झालं, ते रद्द झालं, आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते ४१ प्रभाग आणि १६५ जागांसाठी. बिल्डिंग तीच, जिना तोच, पण प्रभागाचा नंबर वेगळा. तरी आपल्याकडे पक्षाची माणसं घरी स्लिपा आणून देतात, शाळेबाहेर टेबल टाकून बसलेली असतात, नाव सांगितलं की खोली नंबर काढून देतात. तिकडे तसं काही नाही. एक कार्ड पोस्टाने येतं, बाकी तुमचं तुम्ही बघायचं. म्हणून हे लिहितेय, मी स्वतः नऊ वर्षं इंग्लंडमधल्या रेडिंगला काढून २०२२ च्या शेवटी कोथरूडला परत आले आणि आता घरोघरची पोरं तिकडे आहेत, त्यांच्या आईवडिलांनी हे वाचून पुढे पाठवलं तरी चालेल.

सगळ्यात आधी हे, कारण अर्ध्या लोकांना हेच माहीत नसतं. भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये कायदेशीर राहत असाल तर तुम्हाला तिथे मत आहे. कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून आहे, त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व घ्यावं लागत नाही, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, तो पण लागत नाही, स्टुडंट व्हिसा असो, वर्क व्हिसा असो, डिपेंडंट असो, वय १८ पूर्ण पाहिजे आणि पत्ता तिथला पाहिजे. मी गेल्यावर पहिली चार वर्षं मला हे कोणी सांगितलंच नाही, एका शेजारणीने सहज विचारलं "मत दिलंस का" तेव्हा कळलं. चार वर्षं मी काऊन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, भरत होते, कचऱ्याच्या डब्यावरून तक्रारी करत होते, आणि हे सगळं ठरवणाऱ्या माणसाला निवडण्यात माझा काही वाटाच नव्हता. त्याची मला अजून चुटपुट आहे.

काऊन्सिल टॅक्स भरता म्हणजे यादीत नाव आहे असं समजू नका, त्या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. मतदार यादीत नाव स्वतः घालावं लागतं, घरातल्या प्रत्येकाने आपापलं, नवऱ्याने बायकोचं भरलं असं होत नाही. गव्ह डॉट यूके वर फॉर्म आहे, पाच-दहा मिनिटांचं काम, पत्ता, जन्मतारीख, नॅशनॅलिटीमध्ये इंडियन, आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे नोकरी-करासाठी मिळतो तो. नंबर अजून मिळाला नसेल तरी फॉर्म भरा, काऊन्सिल दुसरे कागद मागते. एकदा नाव लागलं की दर निवडणुकीला परत लावायला नको, पण घर बदललं की मात्र नवीन फॉर्म, आणि भाड्याच्या घरात राहणारी आपली पोरं वर्षा-दीड वर्षात घर बदलतात आणि नेमकं इथेच राहतं. मुदत असते मतदानाच्या आधी १२ वर्किंग डे, त्यात शनिवार-रविवार आणि ईस्टर वगैरेच्या बँक हॉलिडे धरायच्या नाहीत, म्हणजे मे महिन्याच्या निवडणुकीचं काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून टाकलेलं बरं. फॉर्मच्या शेवटी ओपन रजिस्टरमध्ये नाव हवं का विचारतात, ती विकत मिळणारी यादी असते, तिथे नको म्हणा, त्याने मताच्या हक्काला काही होत नाही. आणि हो, यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअरलाही मदत होते, बरेच जण तेवढ्यासाठीच नाव घालतात, काही हरकत नाही, पण मग मत पण द्या.

आता वॉर्ड का बदलतात ते. इंग्लंडमध्ये हद्दी ठरवायचं काम काऊन्सिल करत नाही, त्यासाठी लोकल गव्हर्नमेंट बाउंड्री कमिशन फॉर इंग्लंड म्हणून स्वतंत्र कमिशन आहे, २०१० पासून. खासदारांचे मतदारसंघ पाडणारं कमिशन वेगळं, त्याच्याशी गल्लत करू नका. हिशोब असा की एका नगरसेवकामागे साधारण सारखे मतदार हवेत. काऊन्सिलमधल्या ३० टक्क्यांहून जास्त वॉर्डांत हा आकडा सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वरखाली झाला, किंवा एखाद्याच वॉर्डात ३० टक्क्यांहून जास्त फरक पडला, की फेरआखणी धरली जाते. नवीन टॉवर उभे राहिले, जुन्या भागातून लोक गेले, की हे होतंच.

ह्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती मी भाच्याला दोनदा सांगितली. पुण्याची प्रभागरचना झाली ती २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर, म्हणजे तुम्ही मतदार असा नसा, जनगणनेत मोजले गेलात की तुमचं डोकं धरलं. इंग्लंडमध्ये लोकसंख्या मोजत नाहीत, यादीतले मतदार मोजतात, आणि पुढच्या पाचेक वर्षांत किती होतील त्याचा अंदाज. म्हणजे ज्या गल्लीत सगळे भाडेकरू, स्टुडंट, नवीन आलेले लोक आणि कोणीच नाव घातलेलं नाही, ती गल्ली हद्दी आखताना कमीच मोजली जाते. कचरा सगळ्यांचा, पार्किंगची मारामारी सगळ्यांची, पण नगरसेवक वाटताना ती घरं अर्धी रिकामी धरली जातात. म्हणून नाव घालणं हे फक्त ह्या मे महिन्यापुरतं नाहीये.

तुमच्याकडे फेरआखणी अजून चालू असेल तर आपल्याकडच्या हरकती-सूचनांसारखंच तिथे पण असतं, कन्सल्टेशन म्हणतात. कोणीही लिहू शकतं. कमिशनच्या वेबसाईटवर नकाशा असतो, त्यावर रेघ मारून दाखवता येते, नुसती ईमेल केली तरी चालते. पण "आम्हाला हा बदल मान्य नाही" एवढंच लिहून उपयोग नसतो. ते तीन गोष्टी बघतात, मतदारांची समानता, लोकांचे आपसातले संबंध, आणि कारभाराची सोय. म्हणून पुरावा लिहा. आमच्या गल्लीतली मुलं रेल्वेलाईनच्या अलीकडच्या शाळेत जातात, पलीकडे जायला एकच भुयारी रस्ता आहे, दुकानं, दवाखाना, बसस्टॉप सगळं अलीकडे, तर आम्हाला पलीकडच्या वॉर्डात टाकू नका. असं लिहिलेलं पत्र वाचलं जातं. आणि नुसतं नको म्हणू नका, रेघ कुठून जावी ते पण सांगा, कारण तुम्ही बाहेर काढलेले मतदार दुसऱ्या कुठल्यातरी वॉर्डात बसवावेच लागतात.

हद्दी पक्क्या झाल्या की त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत सगळ्याच्या सगळ्या जागा एकदम निघतात. एरवी बऱ्याच शहरांत चारपैकी तीन वर्षं एक-एक तृतीयांश जागा असतात, त्यामुळे लोकांना एकच फुली मारायची सवय असते. २०१८ ला लीड्समध्ये ३३ वॉर्डांच्या ९९ जागा एकदम झाल्या, मँचेस्टरला ९६, बर्मिंगहॅमला तर १२० चे १०१ नगरसेवक केले आणि ६९ वॉर्डांपैकी काही एकाचे, काही दोघांचे. म्हणून तुमच्या वॉर्डात यंदा किती जागा आहेत ते बघूनच जा. तीन जागा असतील तर तुम्हाला तीन मतं.

पुण्यासारखं मात्र नाही हं. इथे अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा, प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण. तिथे एकच लांब कागद, सगळे उमेदवार आडनावाच्या अक्षराप्रमाणे एकाखाली एक, वरचे तीन जिंकले. त्यामुळे एकाच पक्षाचे तिघं एक वर, एक मध्ये, एक तळाला असे विखुरलेले असतात, घाईत पहिला दिसला की फुली मारून लोक निघून जातात आणि दोन मतं वाया. तीनपर्यंत कितीही फुल्या मारा, दोन मारल्या तरी चालतात, वेगवेगळ्या पक्षांना दिल्या तरी चालतात, पण चौथी मारली की अख्खा कागद बाद. १, २, ३ नंबर घालू नका, फुलीच मारा, आणि कागदावर नाव किंवा सही काही करू नका. चुकलं तर पेटीत टाकायच्या आधी तिथल्या माणसाला सांगा, नवीन कागद देतात.

आणि जिथे परत एक-तृतीयांशवर जायचं असतं तिथे ह्या मोठ्या निवडणुकीत ज्याला सगळ्यात जास्त मतं त्याला सगळ्यात मोठी मुदत, तिसऱ्या नंबरवाल्याला सगळ्यात छोटी. म्हणजे "आमच्याकडे तेच येणार, माझ्या मताने काय होतंय" असं म्हणू नका, कोण किती वर्षं बसणार हे पण त्याच मतांवर ठरतं.

आता मतदानाचा दिवस. गुरुवार असतो, सकाळी ७ ते रात्री १०, सुट्टी नसते. तुम्हाला नेमून दिलेल्या पोलिंग स्टेशनवरच जायचं, आणि वॉर्ड बदलला की ते बदललेलं असू शकतं. ५ मे २०२२ ला माझं हेच झालं. रेडिंगला त्या वर्षी नवीन हद्दींवर १६ वॉर्डांच्या ४८ जागा एकदम होत्या, मिन्स्टर नावाचा वॉर्ड जाऊन कोली आला होता, आणि मी पोल कार्ड न वाचता ड्रॉवरमध्ये टाकलेलं. ऑफिसातून उशिरा सुटून साडेनऊला नेहमीच्या हॉलपाशी गेले तर अंधार, दाराला कुलूप. फोनवर पोस्टकोड टाकून बघितलं, दुसरीकडे होतं, पंधरा मिनिटं पळत गेले. आत एक बाई लोकरीची टोपी विणत बसल्या होत्या, त्यांनी शांतपणे यादीवर पट्टी ठेवून माझ्या नावावर रेघ मारली, कागद दिला. लाकडी आडोसा, दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल. बाहेर आले तेव्हा दहाला सात कमी. बोटाला शाई नाही लावत तिकडे, मी सवयीने बोट पुढे केलं होतं. दहाच्या आत रांगेत असाल तर मत देऊ देतात, पण तेवढ्यावर अवलंबून राहू नका. इलेक्टोरल कमिशनच्या, म्हणजे तिथल्या निवडणूक आयोगाच्या, साईटवर पोस्टकोड टाकला की पोलिंग स्टेशन आणि उमेदवार दोन्ही दिसतात, आठवडाभर आधीच बघा.

फोटो आयडी. मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये लोकल निवडणुकीलाही सक्तीचा आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, यूकेचं लायसन्स चालतं, लर्निंगवालं पण. मुदत संपलेलं असलं तरी फोटो तुमच्यासारखा दिसला की चालतं. ऑफिसचं कार्ड, कॉलेजचं कार्ड, आधार, फोनमधला फोटो, ह्यातलं काहीच चालत नाही. पासपोर्ट रिन्यूला दिलाय आणि लायसन्स नाही असं आपल्या लोकांचं हमखास होतं, तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं, अर्ज मतदानाच्या ६ वर्किंग डे आधी संध्याकाळी ५ पर्यंत. यादीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं पाहिजे, म्हणून फॉर्म भरताना वडिलांचं नाव मधे कसं आहे, लग्नानंतरचं आडनाव आहे का जुनं, ते पासपोर्ट समोर ठेवूनच भरा. पोल कार्ड हरवलं तरी मत देता येतं, आयडी नसेल तर नाही.

मे म्हणजे आपल्याकडे लग्नाचे दिवस, आणि पुष्कळ पोरं तेव्हा पुण्यात असतात. पोस्टल व्होटचा कागद पुण्याला मागवून परत पाठवायच्या भानगडीत पडू नका, तो वेळेत पोचेल ह्याचा भरवसा नाही. प्रॉक्सी करा, म्हणजे तिथला विश्वासातला माणूस तुमच्या वतीने मत देतो, तो स्वतः तिथे मत द्यायला पात्र आणि यादीत असला पाहिजे, तुमच्याच पोलिंग स्टेशनवर त्याने जायचं, आणि आयडी त्याचा स्वतःचा दाखवायचा, तुमचा नाही. ह्याची मुदतही ६ वर्किंग डे, संध्याकाळी ५. भाच्याचं तिकीट नेमकं त्याच आठवड्याचं आहे, ताईच्या मुलीचं लग्न. त्याच कॉलवर त्याच्याकडून प्रॉक्सीचा अर्ज भरून घेतला, फ्लॅटमेट नाशिकची आहे, तिचं नाव टाकलं, आणि कुठल्या तिघांना फुली मारायची ते तिला नावानिशी लिहून दे म्हटलं, नुसतं पक्षाचं नाव सांगितलंस तर ती त्या लांबलचक कागदावर शोधत बसेल.