सीटर की स्लीपर?

पुण्याहून नागपूरला रात्रीच्या बसने जाणारा माणूस आधी भाडं विचारत नाही. आधी विचारतो, सीटर की स्लीपर? मग खालचा की वरचा, सिंगल की डबल. सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कच्या रात्रीच्या विमानाचं तिकीट काढताना मीही हा प्रश्न विचारला होता, उत्तरही बरोबर मिळालं होतं. चूक एवढीच, की तीन महिन्यांनी तो परत विचारला नाही. आई बरोबर होती. अमरावतीची, चौऱ्याहत्तर वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. विमानात शिरल्यावर तिने सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, तू स्लीपर म्हणाली होतीस ना? ही तर सीटर आहे." साडेपाच तास तिचे पाय लोंबकळत राहिले आणि सकाळी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरताना सुजलेला पाय बुटात जाईना. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा तोच प्रवास करतोय, म्हणून ही तयारी लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी, पैसे कुठल्या बाजूला घालायचे ते ठरवा. पूर्वेकडून पश्चिमेला जाताना समोरून वारा असतो, सहा-साडेसहा तास लागतात, पण ते बहुतेक दिवसाचं विमान असतं. खिडकीतून रॉकी पर्वत बघा, जेवा, वाचा. आरामखुर्ची पुरते. परतताना वारा पाठीशी, प्रवास तासाभराने कमी, आणि घड्याळ तीन तास पुढे. रात्री दहाला निघालेलं विमान सकाळी साडेसहाला उतरतं आणि तुम्हाला वाटतं आठ तास झोप मिळेल. कुठली! हवेत पाच-सव्वापाच तास, त्यातला वर चढण्याचा नि खाली उतरण्याचा वेळ वजा करा, जेवणाची खुडबूड वजा करा, उरतात साडेतीन तास. पाठ टेकायची गरज आहे ती या साडेतीन तासांना. जाताना साधं तिकीट आणि येताना सपाट होणारी सीट असं केलं तर बिघडत नाही. उलट करणारे लोक पाहिलेत मी, काय बोलावं!

दुसरं, ‘फर्स्ट’ आणि ‘बिझनेस’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानात ‘फर्स्ट’ म्हणजे बहुतेक वेळा एक रुंद आरामखुर्ची, पाठ थोडी मागे जाते, संपलं. अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मध्ये फर्स्ट म्हणजे आरामखुर्चीच. ती वाईट नाही, पण पलंग नाही. पलंग होणाऱ्या सीटा मिळतात त्या मुख्यतः न्यूयॉर्क, न्यूआर्क, बॉस्टन इथून लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या ठरावीक विमानांत. आणि हो, न्यूयॉर्कमधलं लाग्वार्डिया विमानतळ घराजवळ आहे म्हणून तिथून शोधत बसू नका. तिथे १९८४ पासून १५०० मैलांची हद्द आहे, त्यापलीकडे थेट विमान नाही, डेन्व्हर आणि शनिवार सोडून. लॉस एंजेलिस जेएफकेपासूनच २४७५ मैल. मग संकेतस्थळ तुम्हाला शिकागो नाहीतर डॅलसवरून फिरवतं आणि दोन तुकड्यांत दोन आरामखुर्च्या देतं. स्वस्त दिसतं, म्हणून माणूस फसतो.

आता विमान. इथे वेळ घालवा. तिकिटाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा, आणि सीट मॅप उघडून आडव्या ओळीत किती सीटा आहेत ते मोजा. पुढच्या केबिनमध्ये १-१ किंवा १-२-१ (मधली रेघ म्हणजे पॅसेज) दिसलं तर निर्धास्त व्हा, ती सपाट होणार. २-२ दिसलं की सावध. युनायटेड आणि डेल्टा या कंपन्यांच्या काही बोइंग ७५७ मध्ये २-२ सीटा सपाट होतात, तर ७३७ मधल्या २-२ म्हणजे खुर्च्या. सगळ्यात मोठा घोळ अमेरिकन एअरलाइन्सच्या एअरबस ए३२१ चा. या मार्गासाठी त्यांनी २०१४ मध्ये खास ए३२१ आणली, अख्ख्या विमानात फक्त १०२ सीटा: पुढे १० एकेकट्या, त्यामागे बिझनेसच्या २०, त्या २-२ आणि सपाट. त्याच कंपनीच्या साध्या ए३२१ मध्येही पुढे २० सीटा, त्याही २-२, आणि त्या मात्र आरामखुर्च्या. विमान तेच, आकडा तोच, मांडणी तीच. आता ती खास विमानं बदलून घ्यायचं कंपनीने ठरवलंय, म्हणजे जुनी माहिती वाचून गेलात तर अजून गोंधळ. गूगल फ्लाइट्सवर उड्डाणाचा तपशील उघडला की सपाट सीट आहे की नाही हे बरेचदा लिहिलेलं असतं. पण ते त्या दिवशीचं. त्या दिवशीचं, हे लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

पसंती विचाराल तर एकट्याने जाणाऱ्याला जेटब्लू कंपनीच्या मिंट या बिझनेस वर्गातली, स्वतःचं दार असलेली एकटी सीट. जुन्या ए३२१ मध्ये १६ पैकी चारच तशा, दुसऱ्या आणि चौथ्या रांगेत. बाकी बारा जोडीच्या. चार सीटा किती दिवस रिकाम्या राहणार? लवकर उठा. दोघांना, त्यातही एक म्हातारं माणूस असेल तर, मला युनायटेडचं ७८७-१० किंवा डेल्टाचं ७६७ आवडतं. दोन्हींत १-२-१, म्हणजे कुणालाही कुणाला ओलांडून बाथरूमला जावं लागत नाही. मधल्या दोन सीटा घेतल्या की शेजारी बसता येतं. ७६७ मध्ये पाय घालायची जागा अरुंद आहे, उंच माणसं कुरकुरतात. माझी आई पाच फूट, तिला त्याचं काय? ७५७ च्या २-२ मध्ये खिडकी मागू नका. शेजारचा आडवा झाला की तुम्ही कोंडलात. आईला पॅसेजची द्या, खिडकी तुम्ही घ्या. रात्री खिडकीतून दिसणार तरी काय आहे.

तिकीट काढलं? निघायला सात दिवस किंवा जास्त उरले असतील आणि थेट विमान कंपनीकडून काढलं असेल, तर २४ तासांत फुकट रद्द करता येतं. हे २४ तास सीट मॅप पुन्हा बघायला वापरा, आनंद साजरा करायला नाही.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहितेय. विमान बदलतं. तिकीट काढल्यावर बदलतं, आणि तुम्हाला कोणी तसं सांगत नाही. मला मेल आला होता: तुमच्या उड्डाणाच्या वेळेत बदल, दहा मिनिटं. दहाच मिनिटं ना, मी भाजी चिरत होते, अंगठ्याने ‘मान्य’ दाबलं आणि फोन ओट्यावर ठेवला. त्या दहा मिनिटांच्या मागे अख्खं विमान बदललं होतं. वेळ बदलायचं कारणच ते होतं. मेलमध्ये विमानाबद्दल अक्षर नव्हतं. सीट नंबर बदलले होते तेही मी नंतर बघितलं, दारात. म्हणून: वेळ बदलल्याचा मेल आला, मग तो पाच मिनिटांचा का असेना, ‘मान्य’ दाबायच्या आधी सीट मॅप उघडा. आधी. नंतर नाही. ‘मान्य’ दाबलं की तुमच्या हातातला पत्ता गेला.

मेल आला नाही तरी बघा. मी आता कॅलेंडरमध्ये घालून ठेवलंय: महिन्यातून एकदा, निघायच्या आठवडाभर आधी, चेक-इन उघडतं तेव्हा, आणि निघायच्या दिवशी दुपारी. घरात चेष्टा होते. होऊ दे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे: ॲप, तुमचं तिकीट, सीट मॅप, आडव्या सीटा मोजा. १-२-१ चं २-२ झालं असेल तर लगेच फोन, आणि फोनवर रडगाणं न गाता सरळ मागा, की त्याच दिवशीच्या, सपाट सीट असलेल्या दुसऱ्या विमानात हलवा. कुठल्या विमानात जागा आहे ते आधीच शोधून नंबर हाताशी ठेवा, समोरची व्यक्ती तुमच्यासाठी शोधत बसणार नाही. आठवडाभर आधी हे जमतं. विमानतळावर रात्री नऊला जमत नाही, कारण तोवर बाकीच्या सगळ्या शहाण्यांनी आपापला फोन करून झालेला असतो.

पैसे परत मिळतील या भरवशावर तर अजिबात राहू नका. खालच्या वर्गात बसवलं तर फरक परत द्यावा लागतो, अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा २०२४ चा नियम त्याबाबत स्पष्ट आहे. पण आमची केबिन कागदोपत्री पुढचीच राहिली, म्हणून पहिलं उत्तर आलं: तुम्ही तर पुढेच बसला होतात. दोन महिने पत्रापत्री झाली आणि शेवटी थोडे पॉइंट पदरात पडले. जुना सीट मॅप आणि तिकिटावरचं विमानाचं नाव यांचा स्क्रीनशॉट तिकीट काढल्या दिवशीच काढून ठेवला असता तर बोलायला तोंड राहिलं असतं. तेव्हा स्क्रीनशॉट काढा. आज. आणि विमान परत तपासा, सांगितलंय ना.

जेवण: शाकाहारी किंवा हिंदू जेवण हवं असेल तर किमान २४ तास आधी नोंदवा. रात्रीच्या विमानात मात्र मी घरीच जेवून निघते, जेवणाच्या ट्रेने झोपेतला तास खाल्ला तर सपाट सीटचे पैसे वाया. आईला दहीभात दिला की ती खूश.

लाउंज: गृहीत धरू नका. युनायटेडचं पोलॅरिस (त्यांचा सपाट सीटचा बिझनेस वर्ग) लाउंज देशांतर्गत प्रवासाला मिळत नाही, तुमची सीट पोलॅरिसची असली तरी. डेल्टाने जेएफकेला २०२४ मध्ये डेल्टा वन या आपल्या सपाट सीटच्या वर्गाचं लाउंज उघडलंय, ते मिळतं, पण परतीच्या रात्री न्यूयॉर्कचं लाउंज घेऊन काय करायचं? व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा, दोन्ही टोकांना.

सामान काय ते तुम्हाला कळतं. औषधं हातातल्या पिशवीत, लोणच्याची बरणी चेक-इनच्या बॅगेत, नाहीतर तपासणीत जाईल. आईसाठी मोजे आणि सैल चपला. शाल घ्या, पांघरूण देतात पण एसी मेला गोठवतो. ओळखपत्र रिअल आयडीवालं (विमानासाठी चालणारं अमेरिकेतलं ओळखपत्र), आईचा पासपोर्ट. बाकी चार्जर वगैरे.

काल फोनवर आईने विचारलंच, "या वेळी स्लीपर आहे ना गं?" मी म्हटलं थांब, ॲप उघडते.