सामान ट्रकमध्ये चढण्याआधी परवाना तपासा

लांबच्या गावी घर हलवताना आपण आधी भाव विचारतो. मी म्हणेन, आधी सामान नेणाऱ्या कंपनीचा परवाना क्रमांक विचारा. तो मिळाला की परिवहन खात्याच्या अधिकृत नोंदीत स्वतः शोधा. कंपनीने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. नोंदीतलं नाव, पत्ता आणि तुमच्या कोटेशनवरचं नाव तंतोतंत जुळतंय का, परवाना अजून चालू आहे का आणि तो तुमच्या मार्गाला लागू होतो का, हे बघा. शहरांतर्गत वाहतुकीचा परवाना लांबच्या प्रवासाला पुरेलच असं नाही.

एक प्रश्न मात्र हमखास विचारा: ट्रक तुमचा की दुसऱ्या कुणाचा? बरेचदा फोनवर बोलणारा फक्त दलाल असतो आणि सामान भलताच कुणीतरी नेतो. मग तपासायचा तो प्रत्यक्ष नेणाऱ्याचा परवाना.

विम्याचंही नीट समजून घ्या. काही ठिकाणी भरपाई वस्तूच्या किमतीवर नाही, वजनावर ठरते. अशा वेळी हलका पण महागडा लॅपटॉप फुटला, तर हातात फार थोडं पडतं.

सामान न बघता फोनवरच पक्का भाव सांगणारा, सगळे पैसे आधी मागणारा किंवा कोऱ्या कागदावर सही घेणारा माणूस दिसला, तर सरळ दुसरीकडे जा. सामानाची यादी दोघांच्या सहीने करा, तुमची प्रत स्वतःच्या बॅगेत ठेवा. ट्रकमध्ये नको.